तारीख महिन्यातून एकदा येते, रविवार दर आठवड्याला

या वेळचं पत्र कोल्हापुरातल्या राजारामपुरीतल्या एका आईचं आहे. नाव देत नाही, आणि ओळख पटेल असे दोन-तीन तपशील तिला विचारून बदललेत. पत्र बरंच मोठं होतं, त्यातलं लागेल तेवढंच देते.

"ताई, माझं वय ३४, एका पतसंस्थेत क्लार्क आहे. मुलगा ८ वर्षांचा, तिसरीत. दीड वर्ष झालं आम्ही वेगळे राहतोय, मुलगा आणि मी माझ्या माहेरी. नवऱ्याचं शिरोली एमआयडीसीत छोटं मशीन शॉप आहे, सासर शिवाजी पेठेत. घटस्फोटाची केस मी टाकली, त्यात त्यांनी मुलाची कस्टडी मागितलीय. सध्या कोर्टाची अंतरिम ऑर्डर अशी की दर रविवारी सकाळी १० ते संध्याकाळी ६ मुलगा त्यांच्याकडं. एक रविवार चुकवत नाहीत, दहाच्या ठोक्याला गाडी दारात आणि हॉर्न. शनिवारी रात्री मुलाच्या पोटात दुखायला लागतं, कधी उलटी होते. रविवारी परत आला की गप्प, जेवत पण नाही. मागच्या रविवारी झोपताना म्हणाला, 'आजी म्हणली तुझ्या आईनं आपलं घर मोडलं.' त्यांनी नवी सायकल घेतलीय पण ती तिकडंच ठेवायची. माझी आई म्हणते, 'पाठवूच नको, मी बघतो कोण नेतोय त्याला.' भाऊ म्हणतो पोरगं आलं की त्याला सगळं विचारायचं आणि मोबाईलवर रेकॉर्ड करायचं, कोर्टात उपयोगी पडेल. बहीण म्हणते सरळ पुण्याला निघून ये. मुलगा विचारतोय, 'आई, मला कोर्टात सांगायला लागणार काय, कुणाकडं राहायचं ते?' मी काय सांगू त्याला? त्यांचं उत्पन्न माझ्या तिप्पट आहे. रविवारचे ते आठ तास मी फोन हातात धरून बसते."

तुला तूच म्हणते, माझ्या धाकट्या बहिणीपेक्षा लहान आहेस.

तुझ्या पत्रातली एक ओळ मी तीन-चार वेळा वाचली. "एक रविवार चुकवत नाहीत." तू ती तक्रारीच्या सुरात लिहिलीस, हॉर्नसकट, आणि हॉर्नचा राग यायलाच पाहिजे, त्याचं काय करायचं ते पुढं सांगते. पण मी एकवीस वर्षं शाळेत शिकवलं, नंतर समुपदेशनाचं काम करतेय, आणि आईबाप वेगळे झालेली जेवढी पोरं मी बघितली त्यात सगळ्यात जास्त हाल त्यांचे झाले ज्यांचा बाप येतो म्हणायचा आणि यायचा नाही. सकाळीच आंघोळ करून, केस विंचरून, बूट घालून दारात बसलेलं पोर, आणि साडेअकरा वाजले की आईनं म्हणायचं काढ आता बूट. तुझ्या लेकाच्या वाट्याला हे आलेलं नाही. नवरा म्हणून तो माणूस कसा होता ते तू भोगलंयस, त्यावर मी एक शब्द बोलणार नाही, तुला परत जा असंही म्हणत नाही, पण बाप म्हणून दहाला दारात उभा राहतोय हे मुलाच्या बाजूनं जमेचं आहे आणि आपण जे काही करायचं ते ही जमा न घालवता करायचं, एवढं मनात धरून पुढचं वाच.

आणि दुसरं. तुझं पूर्ण पत्र कोर्टाभोवती फिरतंय, पुढच्या तारखेला काय होईल, जज काय म्हणतील, मुलगा जाईल का. तारीख येते महिना-दीड महिन्यातून एकदा, त्यातही कधी समोरचे वकील नसतात, कधी पुढची तारीख मिळते. रविवार मात्र वर्षाला बावन्न. तू तारखेत जगतेयस आणि तुझा मुलगा रविवारात जगतोय. निकाल लागायला किती दिवस लागतील ते तुझ्या हातात नाही, पण हा येणारा रविवार बराचसा तुझ्या हातात आहे, म्हणून माझं सगळं म्हणणं रविवारबद्दलच असणार आहे.

पण आधी भीतीचं बघू, कारण भीती डोक्यात असताना बाकीचं काही शिरत नाही. तुझ्या केसचे कागद तुझ्या वकिलांनीच बघायचेत, मी फक्त ढोबळ सांगते.

पैसे जास्त म्हणून मूल त्याच्याकडं, असं कोर्ट करत नाही. १९५६ चा हिंदू अज्ञान व पालकत्व कायदा आहे, त्याच्या कलम १३ मध्ये स्पष्ट म्हटलंय की मुलाचं हित सगळ्यात वर, बाकी सगळं त्याच्या खाली. त्याच कायद्याच्या कलम ६ मध्ये वडील नैसर्गिक पालक आणि त्यांच्यानंतर आई अशी भाषा आहे, ती वाचून पुष्कळ बायका घाबरतात, कुणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलेलं असतंच, पण १९९९ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्याचा अर्थ लावून दिलाय की 'नंतर' म्हणजे वडील गेल्यावर असं नाही, आईसुद्धा नैसर्गिक पालकच आहे. पाच वर्षांखालचं मूल सर्वसाधारणपणे आईकडं राहावं असंही त्याच कलमात आहे, पण तुझा मुलगा आठ वर्षांचा, तेव्हा तो आधार तुला थेट मिळत नाही. मग काय बघतात, तर शाळा कुठं, रोजचं कोण करतंय, अभ्यास कोण घेतंय, आजारी पडला तर रात्री कोण जागतंय, आणि एक गोष्ट जी लोकांच्या लक्षात येत नाही, कोणता पालक मुलाचं दुसऱ्या पालकाशी नातं टिकू देतोय. हे शेवटचं दोनदा वाच. तुझ्या आईचा सल्ला तुला नेमका इथंच गोत्यात आणतो.

तेव्हा पाठवायचं बंद करू का, याला माझं उत्तर नाही असं आहे. ऑर्डर असताना परस्पर मुलाला पाठवलं नाहीस तर कोर्टाच्या अवमानाचा अर्ज होऊ शकतो, आणि तो नाही झाला तरी कस्टडी ठरवताना हे तुझ्या विरोधात वाचलं जातं. ऑर्डर चुकीची वाटत असेल, वेळ, जागा, आजीचं बोलणं, काहीही, तर ती बदलून मागायची. मुलांच्या बाबतीतली ऑर्डर दगडावरची रेघ नसते, परिस्थिती बदलली की अर्ज करून बदल मागता येतो, अंतरिम ऑर्डरमध्ये तर येतोच. कौटुंबिक न्यायालयात समुपदेशक असतात, वकिलांना सांगून त्यांच्याकडं पुन्हा एकदा बसायची विनंती कर, तिथं जजसमोर बोलता येत नाहीत त्या हॉर्नसारख्या बारीक गोष्टी बोलता येतात.

फक्त एक अपवाद, आणि तो मोठा. मारहाण होतेय, बाप दारू पिऊन गाडीवर घेऊन जातोय, कुणी नको तिथं हात लावतंय, असं काही असेल तर हे वरचं सगळं बाजूला ठेव, मुलाला पाठवू नको, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखव, १०९८ ला (मुलांची हेल्पलाईन) किंवा ११२ ला (पोलीस) फोन कर आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वकिलांच्या ऑफिसात जाऊन का पाठवलं नाही ते कोर्टात लेखी दे. तुझ्या पत्रात असं काहीच दिसत नाही, तरी मी हे प्रत्येकीला सांगते.

वकिलांची फी झेपत नाही असं पत्राच्या शेवटी ओझरतं लिहिलंयस. महिलांना मोफत कायदेशीर मदत मिळते, उत्पन्न कितीही असलं तरी, १९८७ च्या कायद्यात तसं आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं अर्ज करायचा, नाहीतर १५१०० ला फोन करून विचारायचं, यात लाजायचं काही नाही. आणि मुलाचा खर्च मागायचा तुला अधिकार आहे, २०२० पासून पोटगीच्या केसमध्ये दोघांनाही आपापलं उत्पन्न, मालमत्ता, कर्ज सगळं शपथपत्रावर द्यायला लागतं, तेव्हा शॉपचं उत्पन्न किती हे अंदाजानं भांडत बसू नको, शपथपत्र येऊ दे. मात्र खर्चाचं आणि भेटीचं एकमेकांत मिसळू नको. "पैसे देत नाहीत तर पोरगं पण नाही" हे वाक्य तोंडातून जाऊ देऊ नको, रागात पण नको, मेसेजमध्ये तर अजिबात नको.

पुण्याला जायचं म्हणतेयस, ते कोर्टाला न विचारता नको. मधल्या वर्षात शाळा बदलणं, मित्र तुटणं, आणि वर मूल पळवलं असा आरोप. बहिणीच्या प्रेमाबद्दल शंका नाही, सल्ला चुकीचा आहे.

आणि हायकोर्टाचं लिहिलंयस, की ते म्हणतात हायकोर्टात जाऊ. पूर्वी ही धमकी मोठी वाटायची कारण मुंबईची गाडी पकडायला लागायची, आता १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, इथं कोल्हापुरातच बसतंय. चांगलंच झालंय, सहा जिल्ह्यांतल्या लोकांचे हेलपाटे वाचले. पण कोर्ट जवळ आलं म्हणून भांडण तिथवर न्यायलाच पाहिजे असं नाही, हे तुम्हा दोघांनाही लागू.

आता तुझ्या लेकाचा प्रश्न. "मला सांगायला लागणार काय, कुणाकडं राहायचं ते?"

मला वाटतंय त्याचं पोट या प्रश्नानं दुखतंय. म्हणजे आधी मुलांच्या डॉक्टरांना दाखव, नीट तपासून घे, कृमी, बद्धकोष्ठता, काय असेल ते, पोट दुखतंय म्हणालं की ते खरंच दुखत असतं, नाटक नसतं, टेन्शननं दुखलं तरी दुखतंच. पण दर शनिवारी रात्रीच दुखत असेल तर ते पोर उद्याच्या तयारीला लागलेलं असतं. काय तयारी, तर उद्या तिकडं हसायचं का नाही, आईबद्दल विचारलं तर काय म्हणायचं, परत आल्यावर आईला काय सांगायचं. आठ वर्षांच्या पोराला वाटतंय की निकाल आपल्याला द्यायचाय, आणि ज्याच्या बाजूनं देणार नाही तो आपल्याला सोडून जाणार. एवढं ओझं घेऊन कुणाला जेवण जाईल सांग.

खरं काय आहे ते सांगते. मूल समजण्याइतकं मोठं असेल तर जज त्याचं म्हणणं विचारात घेऊ शकतात, १८९० च्या पालक व पाल्य कायद्यात तशी सोय आहे, वय काही ठरवून दिलेलं नाही. पण बहुतेक वेळा जज आपल्या चेंबरमध्ये बोलावून साध्या गप्पा मारतात, शाळा कुठली, मित्र कोण, काय खेळतोस. आईबापांसमोर पिंजऱ्यात उभं करून "बोल कोण पाहिजे" असं टीव्हीत होतं. आणि तो जे सांगेल तसाच निकाल लागतो असंही नाही, बाकी सगळं बघून जज ठरवतात. म्हणून तू त्याला आज रात्रीच सांग, असंच सांग: "बाळा, कुणाकडं राहायचं हे तू ठरवायचं नाहीस. ते मोठ्यांचं काम आहे. जज साहेबांनी कधी तुला बोलावलं तर जे मनात असेल ते बोलायचं, नाही बोलावंसं वाटलं तर गप्प बसलास तरी चालेल. तू काही पण बोललास तरी मी तुझी आईच आणि बाबा तुझे बाबाच." हे एकदा सांगून होणार नाही, तो परत विचारेल, परत तेच सांगायचं, शब्द न बदलता.

आणि घरातल्या सगळ्यांना ताकीद दे, मामापासून शेजारच्या काकूंपर्यंत, की "तुला आई जास्त आवडते का बाबा" हा प्रश्न या पोराला कुणी विचारायचा नाही. गमतीत पण नाही.

रेकॉर्डिंगचं आता. तुझ्या भावाला कुणीतरी सांगितलं असणार, कारण जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं म्हटलंय की नवरा-बायकोतलं गुपचूप केलेलं फोन रेकॉर्डिंग घटस्फोटाच्या केसमध्ये पुरावा म्हणून घेता येतं. पण ते नवरा-बायकोतलं. आठ वर्षांच्या मुलाला समोर बसवून, फोन उलटा ठेवून, "आजी अजून काय म्हणाली" विचारायचं, हे वेगळंच प्रकरण आहे. जजना कळतं कोणतं वाक्य मुलाचं आणि कोणतं काढून घेतलेलं. आणि ते बाजूला ठेव, मुलाला कळतं.

मी हे पुस्तकातलं सांगत नाही. माझ्या सख्ख्या भावाचा संसार मोडला तेव्हा माझा भाचा नऊ वर्षांचा होता. आमच्याकडं तो शनिवार-रविवार यायचा. मी त्याची लाडकी आत्या. आला की त्याला मांडीवर घ्यायची, लाडू द्यायची आणि विचारायची, "तिकडं कोण कोण येतंय रे? मम्मी फोनवर कुणाशी बोलते?" मला वाटायचं मी काळजीनं विचारतेय. पोरगं सांगायचं, भरभरून सांगायचं, आणि आम्ही ते वकिलांपर्यंत पोचवायचो. तो आता मोठा झालाय, पुण्यात नोकरी करतो. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत जेवताना सहज म्हणाला, "आत्या, तू विचारायचीस ना तिकडं काय झालं, मी एसटीत बसल्यावरच ठरवायचो तुला आज काय सांगायचं." अर्ध्या गोष्टी त्यानं बनवलेल्या होत्या. आम्हाला बरं वाटावं म्हणून. तिकडच्या घरी पण तो तेच करत होता, आमच्याबद्दल. नऊ वर्षांचं पोर दोन्ही घरांना खाऊ घेऊन जावा तशा बातम्या घेऊन जात होतं. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही, आणि आज तुला हे लिहिताना पण बरं वाटत नाहीये.

म्हणून सांगते, रविवारी सहाला तो आला की विचारायचं नाही. काही म्हणजे काही नाही. "आलास? हातपाय धू, भाकरी गरम आहे." बस. त्याला बोलायचं असेल तर तो झोपताना बोलेल, तुझा मुलगा बोललाच की झोपताना. तेव्हा ऐकायचं, तोंड वाकडं न करता.

आजीचं ते वाक्य, घर मोडलं वालं. मला कळतंय ते ऐकून तुला काय झालं असेल. तू काय उत्तर दिलंस ते लिहिलं नाहीस, बहुतेक गप्प बसलीस किंवा रडलीस. पुढच्या वेळेला असं म्हणून बघ: "आजीला वाईट वाटतंय म्हणून ती तसं म्हणाली असेल. बाबांचं आणि माझं पटलं नाही, ते आमचं आम्ही बघतोय. तुझ्यामुळं काहीही झालेलं नाही." आजी खोटारडी असं म्हणायचं नाही, कारण ती त्याची आजी आहे, रविवारी दुपारी तिच्याच हातचं जेवतोय तो. पण वाक्य सोडून पण द्यायचं नाही. नवऱ्याला एक मेसेज कर, कोरडा, सरळ: "तो झोपताना म्हणाला की घर कुणी मोडलं यावर त्याच्यासमोर बोलणं झालं. त्याला त्रास होतोय, शनिवारी पोट दुखतं. दोन्ही घरांत त्याच्यासमोर हा विषय नको, मी माझ्या आईला पण सांगितलंय." शेवटचं वाक्य खरं असलं पाहिजे, म्हणजे आधी आईला सांग आणि मग मेसेज कर. "तुमच्या आईला जीभ आवरायला सांगा" असं लिहायला हात शिवशिवतील, मला माहीत आहे, टाईप करून डिलीट कर.

मेसेजचं एकूणच असं ठेव की उद्या तो जजनी वाचला तरी मान खाली घालायला लागू नये. मुलाबद्दल तेवढंच, वेळ, औषध, गृहपाठ, सोमवारी हस्तकलेचं सामान न्यायचंय. जुनी उणीदुणी एक ओळ पण नाही. समोरून चार ओळी शिव्या आल्या तरी उत्तर फक्त कामाच्या ओळीला.

आता हॉर्न. म्हणजे दहा आणि सहा वाजताची ती पाच मिनिटं. तू लिहिलंयस की खाली गाडीत नवरा आणि दीर, वर गॅलरीत तुझी आई, जिन्यात तू त्याची पिशवी घेऊन. आणि मधे ते पोर, जिन्याच्या पायऱ्या मोजत खाली उतरतंय. माझ्या मते आठ तासांपेक्षा ही पाच मिनिटंच जास्त जड जातायत त्याला. ही बदलता आली तर निम्मं काम झालं.

पत्रात एका ठिकाणी तू सहज लिहून गेलीस की त्याला फुटबॉलचा नाद आहे आणि बाबा त्याला मॅच बघायला शाहू स्टेडियमवर नेतात. अगं मग हेच धर की. कोल्हापुरात लहान पोरांचं फुटबॉलचं कोचिंग ठिकठिकाणी चालतं, दोघांच्या घरापासून मधे पडेल असं एखादं ग्राउंड बघ, रविवारी सकाळची बॅच. तू आठला सोडायचं आणि निघून यायचं. दहाला प्रॅक्टिस संपते, तिथून बाबांनी न्यायचं. मधले दोन तास पोरगं पोरांत, चिखलात, घामात, ना आईचं ना बाबांचं. आईला टाटा करून बाबांच्या गाडीत बसायचं हे त्याला डोळ्यांदेखत करायलाच लागत नाही, एकीनं सोडलं आणि दुसऱ्यानं नेलं, जसं कुठल्याही घरात होतं. संध्याकाळी सहाला पण दार नको, कोपऱ्यावरचं दुकान, बाग, काहीही, जिथं दोन्हीकडची गॅलरी नसेल. आणि दोन्हीकडून एकटं यायचं, दीर नाही, मामा नाही. हे नवऱ्याला मेसेजवर सुचव, ऐकलं नाही तर समुपदेशकांसमोर मांड, जागा बदलून मागणं ही अगदी छोटी मागणी आहे आणि ती मुलासाठी आहे हे कुणालाही दिसतं.

त्याची बॅग त्याला भरू दे. काय न्यायचं ते त्याचं त्यानं ठरवू दे, मोडकी खेळणी नेली तरी नेऊ दे.

सायकलवर तू चिडलीयस, की ती मुद्दाम तिकडं ठेवलीय, ओढून घ्यायला. असेलही. पण तुझ्या मुलानं तुला सायकलबद्दल किती सांगितलं? मला खात्री आहे की रंग पण सांगितला नसेल, कारण सायकल आवडली म्हणणं म्हणजे आईला दुखवणं असं त्यानं धरलंय. तू विचार त्याला, मोकळेपणानं, रंग कुठला, ब्रेक नीट लागतो का, रंकाळ्याला घेऊन गेलास काय. मी तुला चौकशी करू नको म्हटलं आणि आता विचार म्हणतेय, पण हे वेगळं आहे, यात तू त्याला परवानगी देतेयस की तिकडं मजा आली तर ती इकडं येऊन सांगायला हरकत नाही. पहिल्यांदा तो तुझ्या तोंडाकडं बघेल, आई खरंच विचारतेय का म्हणून. तेव्हा तोंड सांभाळ.

तसंच सणांचं. ऑर्डरमध्ये फक्त रविवार आहेत म्हणून गणपती, दिवाळी, मे महिन्याची सुट्टी यावर दरवेळी नव्यानं भांडण होतंय असं दिसतंय. कॅलेंडर घेऊन बस आणि एकदाच लिहून काढ. शिवाजी पेठेतलं पोरगं आहे ते, विसर्जन मिरवणुकीला बाबांच्या खांद्यावर बसून जायचं असणार त्याला, ते त्याला दे. तिकडं चुलत बहिणी आहेत म्हणतेस, तर भाऊबीजेचा थोडा वेळ तिकडं. लक्ष्मीपूजन तुझ्याकडं. आणि मधल्या वारी बाबांना व्हिडिओ कॉल करू दे, आठवड्यातून दोन वेळा, ठरलेल्या वेळेला, दार लोटून त्याचं त्याला बोलू दे. सुप्रीम कोर्टानंही २०२० मध्ये सांगितलंय की प्रत्यक्ष भेटीबरोबर असे कॉलही मुलाला मिळायला हवेत. कोर्टानं सांगायच्या आधी तू स्वतः दिलंस तर ते समुपदेशकांना पण दिसेल आणि तुझ्या नवऱ्याला पण. तो लगेच बदलेल असं मी म्हणत नाही. नाहीच बदलला तरी मुलाच्या दोन घरांपैकी एक घर तरी शांत झालेलं असेल.

वर्गशिक्षिकांना भेटून थोडक्यात सांगून ठेव. कोण चूक ते नको, फक्त सोमवारी सकाळी तो जरा हरवलेला असतो, लक्ष असू द्या, एवढंच. त्यांना साक्षीदार करायला जाऊ नको. मी शिक्षिका होते म्हणून सांगते, आईबाप बाईंना आपापल्या बाजूला ओढायला लागले की बाई त्या पोराशी मोकळं बोलायचंच सोडतात, आणि शाळा ही त्याची एकच जागा उरलेली असते जिथं हा विषय नसतो.

तुझे ते आठ तास. फोन हातात धरून बसतेस म्हणालीस. दीड वर्ष, रविवार म्हणजे तुला कोंडल्यासारखं. रडायला आलं तर तो गेल्यावर रड, पोटभर रड, तेवढ्यासाठी ते आठ तास आहेत. पण दुपारी घरातून बाहेर पड, कुठंही, मैत्रिणीकडं, अंबाबाईला, नाहीतर नुसती केएमटीच्या बसमध्ये बसून फिरून ये. झोप येत नसेल, सारखं छातीत धडधडत असेल, तर १४४१६ वर टेली-मानस ही मानसिक आरोग्याची मोफत सरकारी लाईन आहे, मराठीत बोलता येतं, दिवसा-रात्री कधीही. सहा वाजता दारात उभी असलेली आई दिवसभर रडलेली आहे हे पोराला पहिल्या सेकंदात कळतं, आणि मग पुढच्या रविवारी तिकडं हसताना त्याला तुझा चेहरा आठवतो.

मुलगा जाणार ही तुझी भीती मी पुसून टाकू शकत नाही, निकाल काय लागेल ते मी सांगू शकत नाही. दीड वर्ष त्याचा डबा, अभ्यास, ताप, शाळेच्या मीटिंगा तू बघतेयस, त्याच्या नोंदी, शाळेच्या पावत्या, डॉक्टरांचे कागद एका फाईलला लावून ठेव, ते तुझ्या वकिलांना लागतील. रेकॉर्डिंगपेक्षा ती फाईल जास्त कामाची.

आता या रविवारपुरतं, कारण ग्राउंड ठरायला दोन-तीन आठवडे जातील. शनिवारी रात्री त्याच्या आवडीचं हलकं काहीतरी कर, भात-आमटी, लवकर झोपव, उद्याचा विषय काढू नको. सकाळी पावणेदहालाच त्याला घेऊन खाली उतर, हॉर्न वाजायच्या आधी. गाडी आली की "मजा कर, सहाला भेटू" एवढंच म्हण आणि गाडी वळायच्या आत तू मागं वळ. आईला त्या दिवशी सकाळी मंडईला पाठव.

महिन्याभरानं मला दोन ओळी लिही. केसचं नको, शनिवारी रात्री तो जेवला का तेवढं कळव.